परदेशात कंपनी: उघडायला एक दुपार, सांभाळायला वर्षे

दिवाळीच्या सुट्टीत एका संध्याकाळी, अस्रची नमाज होऊन गेली होती, आमचा एक जुना विद्यार्थी घरी आला. कामशेतचा मुलगा. वडील लोणावळ्यात पर्यटकांची गाडी चालवतात, भुशी डॅम, टायगर पॉइंट, कार्ल्याची लेणी, जिथे म्हणाल तिथे. मुलगा बारावीनंतर संगणक शिकला आणि घराच्या माळ्यावर बसून अमेरिकेतल्या छोट्या दुकानदारांसाठी वेबसाइट बनवू लागला. घरात त्याचे कौतुक होते, आम्हालाही होते. त्या दिवशी मात्र त्याने चहाला हात लावला नाही. पिशवीतून छापील कागद काढले, टेबलावर ठेवले आणि एका ओळीवर बोट ठेवून विचारले, "सर, हे पंचवीस हजार डॉलर म्हणजे खरंच पंचवीस हजार?"

खरेच होते. रुपयांत सुमारे २२ लाख. वडिलांची गाडी, माळा आणि खालच्या दोन खोल्या विकूनही एवढे उभे राहिले असते की नाही, शंका आहे.

आम्ही शाळामास्तर, सीए नाही. तरी त्या दिवसापासून दोन महिने आम्ही त्याच्याबरोबर लोकलने पुण्याला फेऱ्या मारल्या, एका सनदी लेखापालांसमोर बसलो, बँकेत थांबलो आणि बरेच काही शिकलो. मावळातल्या आणि लोणावळ्यातल्या पुष्कळ घरांत आता असा एखादा मुलगा किंवा मुलगी आहे, जिचे गिऱ्हाईक समुद्रापलीकडे आहे. त्यांच्या आईवडिलांसाठी हे लिहीत आहोत.

झाले होते असे. पैसे कार्डाने घ्यावेत, अशी गिऱ्हाइकांची मागणी होती. त्यासाठी स्ट्राइप नावाची सेवा सर्वांना हवी असते. स्ट्राइपने २०२४ च्या मे महिन्यापासून भारतात नवी खाती सरसकट देणे थांबवले, ज्यांना कंपनी स्वतः बोलावेल त्यांनाच ती मिळतात. मुलाने मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला: अमेरिकेत न जाता, व्हिसा नसताना, घरबसल्या अमेरिकन कंपनी काढा, स्ट्राइप मिळवा, कर शून्य. एका एजंटशी बोलणे झाले. चाळीस हजार रुपये लागणार होते. अम्मीने दोन बांगड्या मोडल्या. पावसाळा संपायच्या आत वायोमिंग राज्यात त्याची एलएलसी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची कंपनी, नोंदली गेली. फॉर्म भरायला एक दुपार पुरली.

व्हिडिओतली माहिती खोटी नव्हती, अर्धी होती. अमेरिकेत अशी कंपनी काढायला नागरिकत्व लागत नाही, तिथे राहावेही लागत नाही. वायोमिंगची सरकारी फी १०० डॉलर. त्या राज्यात पत्ता असलेला एक 'रजिस्टर्ड एजंट' नेमावा लागतो, जो सरकारी टपाल स्वीकारतो. मग केंद्राच्या कर खात्याकडून कंपनीचा नंबर, ईआयएन, घ्यायचा. तो फुकट मिळतो. तिथला सोशल सिक्युरिटी नंबर नसलेल्याने एसएस-४ नावाचा फॉर्म फॅक्सने पाठवायचा किंवा फोनवर माहिती द्यायची. एजंटने या फुकट नंबराचे वेगळे पैसे लावले होते. कंपनीच्या खऱ्या मालकांची माहिती देण्याचा एक नवा अहवालही तेव्हा अमेरिकेत सुरू झाला होता. तोही फुकट. त्याचेही पैसे लावले. गंमत अशी की २०२५ च्या मार्चमध्ये अमेरिकी सरकारने तिथे स्थापन झालेल्या कंपन्यांना त्या अहवालातून मोकळे केले. मुलाचे पैसे काही परत आले नाहीत.

आता त्या २५ हजार डॉलरकडे येऊ. एकट्या परदेशी मालकाची एलएलसी असेल तर अमेरिकेचे कर खाते तिला मालकापासून वेगळी धरत नाही. काम सगळे कामशेतच्या माळ्यावर होते, अमेरिकेत ना माणूस ना दुकान, म्हणून सहसा तिथे आयकर लागत नाही. 'कर शून्य' ते एवढेच. पण २०१७ पासून नियम असा आहे की अशा कंपनीने आणि मालकाने आपसात जी देवघेव केली, ती फॉर्म ५४७२ वर दरवर्षी कळवावी लागते. मालकाने कंपनीत टाकलेले भांडवल आणि कंपनीतून काढलेले पैसे हेसुद्धा देवघेवच. सोबत फॉर्म ११२० चे जवळजवळ कोरे पान जोडायचे. मुदत १५ एप्रिल. ऑनलाइन भरता येत नाही, युटा राज्यातल्या ऑग्डेनला टपालाने किंवा फॅक्सने पाठवायचे. न पाठवल्यास दंड २५ हजार डॉलर. कर एक पैशाचाही नाही, दंड एवढा! मुलाला हे एजंटने सांगितले नव्हते. दीड वर्षाने दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळले, तोवर २०२४ सालची मुदत सहा महिने उलटली होती.

याशिवाय वायोमिंगला दरवर्षी अहवाल आणि किमान ६० डॉलर द्यायचे, नाहीतर राज्य कंपनी मोडीत काढते. डेलावेअर निवडले असते तर १ जूनपूर्वी ३०० डॉलर, उशीर झाला तर २०० डॉलर दंड आणि वर व्याज. एजंटची वार्षिक फी वेगळी. कंपनीने एक डॉलर कमावला नसला तरी हे चुकत नाही.

एवढे ऐकून मुलगा म्हणाला, "म्हणजे अमेरिकेचं निस्तरलं की झालं ना, सर?" सीए साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाले, "आता भारताचं बोलू."

इथे घरोघर एक घोळ होतो, तो आधी सोडवून घ्यावा. 'अनिवासी' हा शब्द कोणाच्या नजरेतून, हे पाहावे लागते. अमेरिकेच्या नजरेत कामशेतचा मुलगा अनिवासी. भारताच्या नजरेत तो पक्का निवासी, म्हणून त्याची जगभरची कमाई इथे करपात्र. त्याचा दुबईत नोकरी करणारा मामू मात्र भारताच्या नजरेत अनिवासी आहे. तिथे कमावलेल्या पैशातून मामू तिथे कंपनी काढतो, त्याला रिझर्व्ह बँकेचा जाच जवळजवळ नाही. मामूचे पाहून भाच्याने तसेच केले तर चूक होते.

भारतात राहणाऱ्या व्यक्तीने परदेशी कंपनीत मालकी घेणे म्हणजे परदेशी गुंतवणूक. त्याचे नवे नियम २२ ऑगस्ट २०२२ रोजी लागू झाले. गुन्हा नाही, मनाई नाही, उलट वाट मोकळी केली आहे. एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत पैसे बाहेर नेण्याची जी मुभा प्रत्येकाला आहे, तिच्या आत हे बसते. कंपनी प्रत्यक्ष धंदा करणारी हवी, वित्तीय सेवेतली नको, आणि आपल्या ताब्यातल्या त्या कंपनीने पुढे आणखी पोटकंपनी काढायची नाही. पण रीत ठरलेली आहे. आधी आपल्या बँकेत जायचे, फॉर्म एफसी भरायचा, रिझर्व्ह बँकेकडून त्या कंपनीसाठी एक ओळख क्रमांक मिळवायचा, आणि मग बँकेमार्फत भांडवल पाठवायचे. त्यानंतर दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंत कंपनीच्या कामगिरीचा अहवाल. कंपनी आपल्याच ताब्यात असेल तर अहवालामागे लेखापरीक्षण झालेले हिशेब लागतात. माळ्यावरच्या कंपनीचे ऑडिट! अहवाल चुकला तर साडेसात हजार रुपये उशिराची फी.

मुलाने यातले काहीच केले नव्हते. एजंटला पैसे दिले, कंपनी झाली. ओळख क्रमांक कसला असतो हेच ठाऊक नव्हते. आम्ही ज्या बँक शाखेत गेलो तिथल्या बाईंनाही फॉर्म एफसी शोधायला वेळ लागला, त्यांनी वरच्या कार्यालयाला फोन लावला. त्यांना दोष देत नाही. मावळात असा अर्ज रोज येत नाही.

आणि आयकर. त्याचे विवरणपत्र गावातल्या एका ओळखीच्याने आयटीआर-४ वर भरले होते. परदेशात मालमत्ता किंवा खाते असणाऱ्याला तो फॉर्म चालतच नाही. आयटीआर-३ भरून त्यातल्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात कंपनी, तिचे बँक खाते, वर्षातली सर्वात मोठी शिल्लक, सगळे दाखवावे लागते. २०१५ च्या काळ्या पैशाच्या कायद्यात हे न दाखवण्याचा दंड १० लाख रुपये आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून सूट आली: घरजमीन सोडून परदेशी मालमत्तेची एकूण किंमत २० लाखांच्या आत असेल तर हा दंड लागत नाही. मुलाची शिल्लक त्याहून पुष्कळ कमी, म्हणून या बाजूने जीव वाचला. पण दाखवावे लागते ते लागतेच. कुणी म्हणेल, दिल्लीला कसे कळणार? देशादेशांत बँक खात्यांची माहिती आता आपोआप जाते-येते. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये आयकर खात्याने त्याच आधारावर लोकांना मोबाइलवर संदेश पाठवून परदेशी मालमत्ता दाखवण्याची आठवण दिली होती.

सुधारित विवरणपत्र भरण्याची मुदत ३१ डिसेंबरला संपत होती. रिझर्व्ह बँकेच्या अहवालाची तारीखही तीच. आम्ही गेलो तेव्हा दोन महिने उरले होते. वेळेत झाले, अलहम्दुलिल्लाह.

दुबईच्या मामूंबद्दलही थोडे लिहायला हवे. तिथे एलएलसी म्हणजे काय, हे आपल्या लोकांना अमेरिकेच्या आधीपासून ठाऊक आहे. कोकणातली गावे तर आखातावर उभी राहिली, त्याआधी त्यांचे पूर्वज केपटाउन आणि पूर्व आफ्रिकेत गेले. आखातातली अडचण कफील आणि भागीदार ही होती. मुख्य भूमीवरच्या एलएलसीत ५१ टक्के वाटा स्थानिक अरबाच्या नावे असणे सक्तीचे. पैसा आपला, मेहनत आपली, कागदावर मालक तो. बहुतेक स्थानिक भागीदार वर्षाची ठरलेली रक्कम घेऊन शब्द पाळत. पण बाजूच्या करारावर उभे राहिलेले घर भागीदार वारला, मुले वेगळी निघाली की हलते, अशी उदाहरणे आपल्या नात्यागोत्यात निघतील. १ जून २०२१ पासून अमिरातीने बहुतेक धंद्यांत ही अट काढली, परदेशी माणूस शंभर टक्के मालक होऊ शकतो. आपल्या विदर्भातले धनंजय दातार यांचा अल अदील समूह आज दुबईत मोठा आहे, त्याची सुरुवात त्यांच्या वडिलांच्या १९८४ मधल्या दुकानापासून झाली, म्हणजे हे सगळे बदल व्हायच्या कितीतरी आधी. नव्या मुलांना ती जुनी अडचण नाही. पण 'दुबईत कर नाही' हे जुने वाक्यही आता चालत नाही. २०१८ पासून ५ टक्के व्हॅट आहे, आणि १ जून २०२३ नंतर सुरू होणाऱ्या वर्षांपासून ३ लाख ७५ हजार दिरहमच्या वर नफा असेल तर ९ टक्के कंपनी कर. नफा नसला तरी नोंदणी करावी लागते. ती मुदतीत केली नाही तर १० हजार दिरहम दंड. व्यापार परवान्याचे नूतनीकरण दरवर्षीचे आहेच.

इंग्लंडमध्ये कंपनी काढणे आजवर फार स्वस्त होते. १२ पौंडांची फी २०२४ च्या मे महिन्यात ५० झाली. परदेशी माणूस मालक आणि संचालक होऊ शकतो, कार्यालयाचा पत्ता मात्र तिथलाच हवा. खोट्या नावांच्या कंपन्या इतक्या निघाल्या की १८ नोव्हेंबर २०२५ पासून संचालकांना ओळख पटवणे बंधनकारक केले. हिशेब एक दिवस उशिरा गेले तरी १५० पौंड, सहा महिन्यांहून जास्त उशीर झाला तर १५००.

आता ज्या गोष्टीने आम्हाला रात्री झोप लागली नाही, ती सांगतो. पुण्याहून परतताना लोकलमध्ये मुलाने विचारले, "सर, मर्यादित जबाबदारी म्हणजे कंपनी बुडाली तर माझं घर कुणी घेऊ शकत नाही. मग एखाद्या गिऱ्हाइकाचे पैसे माझ्याकडून अडकले, कंपनी बंद केली, तर मी सुटलो?"

कायद्याने बहुतेक वेळा सुटला. त्यासाठीच तर ही रचना आहे. वायोमिंगने १९७७ मध्ये एका तेल कंपनीच्या मागणीवरून अमेरिकेतला पहिला एलएलसी कायदा केला. जर्मनीत अशीच रचना १८९२ पासून आहे. तरी व्यवहारात बँक कर्ज देताना मालकाची वैयक्तिक हमी घेते, आणि हमीवर सही झाली की मर्यादा कागदावर राहते. घरखर्च आणि कंपनीचा खर्च एकाच खात्यातून केला तर न्यायालय ती भिंत पाडूही शकते.

शरीयतच्या बाजूने हा प्रश्न जुना आणि नाजूक आहे. मुदारबत आपल्याला परकी नाही. हजरत खदीजा (रजि.) यांचा माल घेऊन आपले प्रेषित (स.) शामला गेले होते. मुदारबतमध्ये भांडवल देणाऱ्याचे नुकसान त्याच्या भांडवलापुरतेच, म्हणजे मर्यादेची कल्पना फिकहमध्ये आहे. मौलाना मुफ्ती मुहम्मद तकी उस्मानी यांनी इस्लामी अर्थव्यवहारावरच्या आपल्या पुस्तकात यावर स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. वक्फ, बैतुलमाल, कर्जात बुडालेला वारसा, असे दाखले देऊन ते म्हणतात की हजारो भागधारकांच्या मोठ्या कंपनीत ही मर्यादा मान्य होऊ शकेल. पण जिथे मालक स्वतः रोजचा कारभार पाहतो, त्या खासगी कंपनीला आणि भागीदारीला ही सवलत देऊ नये, असे त्यांचे मत. झोपलेल्या भागीदाराला अपवाद असू शकतो. हे मत त्यांनी आलिमांच्या विचारार्थ मांडले आहे, शेवटचा फतवा म्हणून नाही, आणि इतर काही आलिम यापेक्षा सौम्य आहेत: समोरच्याला मर्यादा आधीपासून ठाऊक असते, तर तो राजीखुशीने व्यवहार करतो. प्रश्न पडेल त्याने आपल्या भरवशाच्या मुफ्तींना विचारावे.

आम्ही मुलाला एवढेच म्हणालो की तुझी कंपनी तर एकट्या माणसाची. कारभार तूच पाहतोस, पैसे तूच घेतोस. कर्ज राहिलेल्या माणसाच्या जनाजाची नमाज पढवायला प्रेषित (स.) थांबत, आधी कर्जाचे विचारत, हे त्याला मकतबपासून माहीत होते. तो बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिला. मळवली गेल्यावर म्हणाला, "एका बाईंचे तीनशे डॉलर आहेत माझ्याकडे. काम अर्धं राहिलंय." ते काम त्याने त्याच आठवड्यात पुरे केले.

मग कंपनी हवीच कशाला, हा प्रश्न सीए साहेबांनी शेवटी विचारला. खरे तर तो पहिला असायला हवा होता. एकट्याने सेवा विकणाऱ्याला परदेशी कंपनी बहुतेक वेळा लागत नाही. इथेच आपल्या नावाने धंदा करता येतो. गिऱ्हाईक बँकेत डॉलर पाठवते, बँक ते कशाचे आले याचा संकेतांक विचारते आणि आवक झाल्याचा दाखला देते. तो जपून ठेवायचा. उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सेवेला जीएसटी नोंदणीही सक्तीची नाही. त्यावर गेल्यास नोंदणी करून दरवर्षी हमीपत्र दिले की निर्यातीवर जीएसटी भरावा लागत नाही. पेपल परदेशातून आलेल्या पैशासाठी भारतात चालते, पेओनियर आहे. कमिशन जाते, हे खरे. वर्षाचे कमिशन आणि वर्षाचे दोन देशांतले फॉर्म, ऑडिट, एजंट यांची बेरीज आम्ही एका पाठकोऱ्या कागदावर केली. मुलाच्या कमाईत कंपनी महाग पडत होती. ज्याला अमेरिकेत माल साठवून विकायचा आहे, तिथले भागीदार आहेत, मोठी गिऱ्हाइके कंपनीशीच करार करतात, त्याचे गणित वेगळे निघेल. त्याने जरूर काढावी, पण आधी बँकेत जाऊन.

कंपनी बंद करणेही एका कळीवर होत नाही. आधी सर्वांची देणी चुकती करायची, मग राज्याकडे विसर्जनाचा अर्ज, मग बंद होणाऱ्या वर्षासाठी शेवटचा फॉर्म ५४७२, मग कर खात्याला पत्र लिहून ईआयएनचे खाते बंद, आणि इथे बँकेमार्फत रिझर्व्ह बँकेला गुंतवणूक संपल्याची खबर. नुसते पैसे भरणे सोडून दिले तर कंपनी आपोआप मरते असे पुष्कळांना वाटते. राज्य नाव काढून टाकते, पण आधीच्या वर्षांचे फॉर्म आणि दंड तसेच मागे राहतात.

राहिलेला फॉर्म त्याने उशिराचे कारण प्रामाणिकपणे लिहून ऑग्डेनला पाठवला आहे. उत्तर अजून आलेले नाही. इकडे त्याची अम्मी म्हणाली, बांगड्यांचे पैसे मी मुलाला दिले, त्याचा हिशेब कशाला. मुलाने ऐकले नाही. सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत उधारीचा व्यवहार मुदतीसह लिहून ठेवायला सांगितले आहे, ते त्याने वडिलांना वाचून दाखवले आणि वहीत आईच्या नावाने चाळीस हजार लिहिले. साक्षीदार म्हणून आमची सही घेतली. दोन हप्ते फिटले आहेत.